मुकुंदवाडीचं दोन खुर्च्यांचं हेलिकॉप्टर

घरात छताला पंखा आहे ना? त्याच्याखाली एक खुर्ची ठेवा आणि बसा. शेजारी आणखी एक खुर्ची ठेवा. तिच्यावर कोणाला बसवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आता माझ्याबरोबर एवढीच कल्पना करा की छत नाही, भिंतीही नाहीत. पंखा मात्र आहे, आणि तो कशाला लटकलेला नाही. तुम्ही दोघं खुर्च्यांसकट त्याला लटकलेले आहात. पंखा मोठा करा, चांगला आठ पावलं लांब. तो फिरला की हवा खाली ढकलतो. टेबलावरचे कागद उडतात ते त्यामुळेच. जेवढ्या जोरानं हवा खाली जाते, तेवढ्याच जोरानं पंखा वर जाऊ बघतो. घरातला पंखा जात नाही, कारण तो लहान आहे, सावकाश फिरतो आणि अंगानं जड आहे.

झालं. हेलिकॉप्टरचं निम्मं शास्त्र तुम्हाला आलं. उरलेलं निम्मं म्हणजे वजन, आणि ही गोष्ट वजनाचीच आहे.

औरंगाबादला मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, कारभारी नावाचा एक फिटर राहत होता. त्याचे वडील मुंजाबा यांनी जन्मभर मेंढरं राखली. कारभारीनं मेंढरं सोडली आणि वाळूजच्या एका कारखान्यात लागला. रोज शिफ्टच्या बसनं शहर ओलांडून जायचा आणि ओलांडून यायचा. त्याच शिफ्टला कचरू नावाचा वेल्डर होता. दोघं बसमध्ये एकाच बाकावर बसत. एवढ्यावरून त्यांची दोस्ती झाली.

एकोणीसशे एक्क्याण्णव साली कारखान्याच्या नव्या शेडच्या उद्घाटनाला मोठे साहेब हेलिकॉप्टरनं आले. धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारायचं काम या दोघांना मिळालं. साहेब भाषणाला गेले, पायलट चहाला गेला, आणि हेलिकॉप्टर राखायला हे दोघं राहिले. दोन तास त्यांनी ते खालून पाहिलं.

"वेल्डिंगचे टाके बरे हायेत," कचरू म्हणाला.

"आपल्यापेक्षा?"

कचरूनं पुन्हा वाकून पाहिलं. "आपल्यापेक्षा नाय."

दुसऱ्या रविवारी कारभारीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, आम्हीही करतो. करू नका. या दोघांच्या हाताला दहा-बारा वर्षांची सवय होती आणि तरीही त्यांनी करायला नकोच होतं. परवानगी कोणाची घ्यायची हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पण केलं, त्याला आपण काय करणार?

फिटर लोक कागदावर चित्र काढत नाहीत. कारभारीनं शेडच्या फरशीवर खडूनं हेलिकॉप्टर काढलं, खऱ्या मापाचं. मागे लांब शेपूट, शेपटाच्या टोकाला छोटा पंखा. "ह्यो कशाला?" असं त्याच्या मुलीनं विचारलं. मुलीचं नाव आवडा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कारभारीनं तिला कारखान्यातून आणलेल्या फिरत्या स्टुलावर बसवलं, दोन्ही हातांत एक एक वीट दिली आणि म्हणाला, "हात जोरात डावीकडं फिरव." तिनं हात डावीकडे फिरवले तर स्टूल उजवीकडे वळलं. "वरचा पंखा एकीकडं फिरला की खालचं धूड दुसरीकडं फिरतं. त्याला धरून ठेवायला शेपटीचा पंखा," कारभारी म्हणाला. आवडाला ते पटलं. एक वीट तिच्या पायावर पडली, तेही शास्त्रच होतं.

चित्रात दोन चौकोन होते, एक पुढे आणि एक मागे, मोटारसायकलसारखे. कचरू आला, त्यानं चपला काढल्या आणि मागच्या चौकोनात जाऊन उभा राहिला.

"ही कुणाची जागा?"

"तुझी."

"आन् पुढची?"

"चालवणाऱ्याची."

कचरू मागच्या चौकोनात खाली बसला. थोडा वेळ समोर बघत राहिला. "इथून काय दिसतं सांगू? तुझी मान दिसती."

"एकामागं एक बसलं तर सांगाडा अरुंद व्हतो, कचरू. वजन वाचतं."

"वाचत आसंल. पर मी मागं बसणार नाय. गावात शाळेत मागं बसलो, पंगतीत मागं बसलो. अठ्ठ्याहत्तरला घर जाळलं तवा शहरात आलो. वर जाऊन बी मागंच बसायचं व्हय?"

चपला घालून तो गेला. आठ दिवस आला नाही.

अठ्ठ्याहत्तरला काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव त्या साली झाला. ठराव झाला, पण नाव लागलं नाही. उलट खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली. मग वर्षानुवर्षं नाव द्या म्हणणारे मोर्चे काढत राहिले, देऊ नका म्हणणारे बंद पुकारत राहिले, आणि दोन्ही दिवशी वाळूजची बस येत नसे. कचरूचा एकही मोर्चा चुकत नसे. कारभारी मोर्च्याला गेला नाही आणि बंदलाही नाही. तो म्हणायचा, आपल्याला फिटिंग आहे.

त्या आठ दिवसांत कारभारीनं फरशी पुसली आणि दुसरं चित्र काढलं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. सांगाडा रुंद झाला, नळ्या वाढल्या. मग तो कचरूच्या घरी गेला आणि म्हणाला, "ये, बसून बघ." कचरू आला, खडूच्या चौकोनात बसला. कारभारी शेजारच्या चौकोनात बसला. दोघं समोरच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"आता ब्येस दिसतंय," कचरू म्हणाला.

पण शेजारी शेजारी बसण्यात चौदा किलो वाढले होते.

हिशेब असा होता. त्या पंख्यानं आणि अपघातात चेपलेल्या एका मोटारीतून काढलेल्या इंजिनानं फार तर चारशे किलो उचललं असतं. कारभारी सहासष्ट किलोचा, कचरू चोपन्न किलोचा. दोघं मिळून एकशे वीस. इंजिनातलं तेल, पाणी आणि थोडंसं पेट्रोल मिळून वीस. तर नुसतं यंत्र किती किलोचं असायला हवं? करा वजाबाकी. दोनशे साठ. एक किलो जास्त झाला तर यंत्र जमिनीवर बसून नुसती धूळ उडवणार. मग उपाय एकच, एक खुर्ची काढून टाकायची. कोणाची, ते विचारायची गरज नव्हती. यंत्र कारभारीच्या शेडमध्ये होतं.

म्हणून प्रत्येक वस्तू तोलून मगच बसवायची असं ठरलं. वही आवडाकडे आली, कारण तिचे आकडे वाचता येत. शिवाय ती दोघांपैकी कोणाच्याही सांगण्यावरून आकडा बदलत नसे. "लिही, आठशे ग्रॅम," असं कारभारी म्हणायचा. "बापू, काटा नऊशे दाखवतोय," असं ती म्हणायची, आणि नऊशे लिहायची.

चौदा किलो कमी करायला दोन वर्षं लागली. जिथं लोखंड दिसेल तिथं कारभारीनं भोकं पाडली. पायाखालच्या पट्ट्यांना भोकं, खुर्च्यांना भोकं, भोकं पाडताना पडलेल्या किसाचंही वजन वहीत, वजा बाजूला. आवडाची आई राजाबाई एकदा शेडमध्ये आली, खुर्ची हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, "चाळणी झाली की माझ्याकडं द्या. ज्वारी चाळायची हाय."

चौदाचे नऊ झाले, नवाचे चार झाले. दिवाळीनंतर वहीत बरोबर दोनशे साठ आले. आवडानं बेरीज तीनदा केली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. आधीचं नाव तसंच ठेवून बाबासाहेबांचं नाव पुढे जोडलं, म्हणून त्याला नामविस्तार म्हणाले. दुसऱ्या दिवशी शहरात जिकडेतिकडे पोलीस होते आणि वाळूजची बस अर्थातच आली नाही. कचरू पेढ्यांचा पुडा घेऊन शेडमध्ये आला. तो रात्रभर झोपला नसावा. त्यानं आधी मुंजाबांना पेढा दिला, मग सगळ्यांना. शेजारचे धान्य व्यापारी अप्पाराव तिथंच होते. ते म्हणाले, "नको, मला शुगर हाय." मग राजाबाईनं तिळगूळ आणला, त्यातले त्यांनी तीन लाडू घेतले.

अप्पाराव आले होते कारण काटा त्यांचा होता. पोती तोलायचा, तीनशे किलोचा. आज सबंध यंत्र एकदम तोलायचं, आणि बरोबर भरलं तर चार खुंट्यांना दोर बांधून दोघांनी बसून बघायचं, असं ठरलं होतं. फळ्या टाकून, कुरकुरत, यंत्र काट्यावर चढवलं. इंजिनात अजून तेल नव्हतं, पाणी नव्हतं. नुसतं यंत्र.

काट्यानं दोनशे एकाहत्तर दाखवले.

आवडानं वही उघडली, बेरीज केली. दोनशे साठ. काटा पुन्हा शून्यावर लावला, यंत्र पुन्हा चढवलं. दोनशे एकाहत्तर.

"एक सीट काढा," अप्पाराव म्हणाले.

"नळ्या तपासू," कारभारी म्हणाला. त्यांनी दोन तास नळ्या तपासल्या. नळ्या होत्या तशाच होत्या. मग कारभारी सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "टाके जाड पडलेत का रं?"

कचरू उभा राहिला. "माझे टाके?"

"मी नुसतं इचारतोय."

"अकरा किलोचे टाके? अकरा किलोत मी तुझं घर वेल्ड करून दीन. सरळ म्हण की, कचरूची खुर्ची जड झाली."

"मी तसं म्हणलो का?"

"म्हणला नाय. दोन वर्सं मनात हाय तुझ्या."

"व्हय, हाय!" कारभारी ओरडला. "एकामागं एक बसलो असतो तर चौदा किलो वाचले असते. पहिल्या दिवशी सांगितलं हुतं!"

कचरूनं काळी काच आणि हातमोजे पिशवीत टाकले.

आता यंत्र कसं दिसत होतं ते नीट बघा. दोन्ही खुर्च्यांवर मुंजाबांनी घडी घालून घोंगड्या अंथरल्या होत्या, कारण घोंगडीशिवाय कोणाला बसवणं त्यांच्या घरात चालत नसे. मधल्या नळीला ते ब्याण्णवच्या दसऱ्याच्या पूजेपासून दर अमावस्येला तेलात कालवलेला शेंदूर लावत होते, दर वेळी एक थर. सव्वा वर्षात नळीचा खांब झाला होता. शेपटाला मेंढरांच्या म्होरक्याची पितळी घंटा होती. आणि समोर, जिथं वेग आणि तेल दाखवणारी घड्याळं बसवायची तिथं, कचरूनं बाबासाहेबांचा फोटो स्क्रूनं घट्ट बसवला होता, सागवानी चौकटीत, काचेसकट. तोही दसऱ्यालाच. ज्या दिवशी मुंजाबांची हत्यारांची पूजा होती त्याच दिवशी कचरूचा धम्मचक्राचा दिवस होता.

हे सगळं चौघा मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर होतं. चौघांनाही ते दिसत होतं. आणि चौघंही नळ्या तपासत होते.

आवडानं या वस्तू वहीत लिहिल्या नव्हत्या. दसऱ्याला ती काटा घेऊन पुढे झाली तेव्हा मुंजाबांनी तिला थांबवलं होतं. "मेंढरं मोजायची नसत्यात, आन् देव तोलायचा नसतो," ते म्हणाले होते. तिनं ऐकलं होतं. म्हणजे वहीत खोटं काही नव्हतं, फक्त सगळं खरं नव्हतं. आता बोलावं तर आजोबांचं मोडलं, न बोलावं तर कचरूकाका चालले. ते शेडच्या दारापर्यंत पोचलेही होते.

"टाके बरोबर हायेत," आवडा म्हणाली. "माझी वही चुकली."

मग ती घोंगड्या उचलून छोट्या तराजूकडे गेली. दोन्ही मिळून सहा किलो दोनशे. घंटा एक किलो दोनशे. चौकट कचरूनं स्वतः स्क्रू ढिले करून तिच्या हातात दिली. दोन किलो दोनशे.

"नऊ किलो सहाशे," ती म्हणाली. "अकरा पायजेत."

उरलेले एक किलो चारशे कुठे होते ते तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्यांनी लाल नळीकडे पाहिलं. मग मुंजाबांकडे पाहिलं. मुंजाबांनी छताकडे पाहिलं.

कचरू दारातून परत आला, पिशवी खाली ठेवली. आता सगळं सोपं झालं असं तुम्हाला वाटेल. झालं उलटं.

"चौकट मी घरी नेतो," कचरू म्हणाला.

"न्यायची नाय," कारभारी म्हणाला. "काल नाव लागलं आन् आज माझ्या शेडमधून बाबासाहेबांचा फोटो निघाला, आसं लोक म्हणतील. मी शेंदूर खरवडतो."

"आन् खरवडू देऊ मी? म्हातारा म्हणंल, कचरूच्या खुर्चीसाठी देव खरवडला."

"म्हणंल," मुंजाबा म्हणाले.

"मग घोंगड्या ऱ्हाऊ द्या बाजूला," कारभारी म्हणाला.

"पाहुण्याला काय लोखंडावर बसवतो? तेही भोकाच्या?"

"आबा, मी पाहुणा नाय," कचरू म्हणाला. "मी वेल्डर हाय."

आधी ते एकमेकांवर रागावून भांडत होते, आता एकमेकांची बाजू घेऊन भांडू लागले. हे भांडण जास्त चिवट असतं. अर्धा तास झाला तरी कोणी कोणाला आपली वस्तू काढू देईना.

"म्हणून म्हणतो," अप्पाराव म्हणाले, "एक सीट काढा. मला काटा न्यायचाय."

ते यंत्र उडालं का, असं तुम्ही मघापासून विचारायच्या बेतात आहात. सांगून टाकतो. त्याच दिवशी संध्याकाळी चार वाजता, चार दोरांनी बांधलेलं ते यंत्र जमिनीपासून एक वीत वर गेलं आणि अकरा सेकंद तिथं राहिलं. त्यात कारभारी आणि कचरू शेजारी शेजारी बसले होते. मग ते खाली आलं, शेजारच्या तीन घरांची वाळत घातलेली धुणी स्टेशनापर्यंत गेली, आणि बंदोबस्तावरचा एक हवालदार आला. त्यानं यंत्राभोवती दोनदा फिरून नंबरप्लेट शोधली आणि पुन्हा सुरू करायचं नाही असं लिहून घेतलं. पुन्हा ते सुरू झालं नाही. पण हे सगळं चार वाजताचं. आपण अजून दुपारी एकला आहोत, आणि कोणी जागचं हलायला तयार नाही.

आवडा घरात गेली, हात धुऊन आली. येताना तिनं वाटीत गव्हाच्या पिठाची खळ आणली. चौकट पोत्यावर पालथी ठेवली आणि कचरूला विचारलं, "काका, मागची फळी काढू?"

"काढ. काच फोडू नको."

तिनं खिळे काढले, फळी काढली, फोटो बाहेर काढून तराजूत ठेवला. नंतर नुसती चौकट ठेवली. "फोटो बारा ग्रॅम," ती म्हणाली. "बाकी सगळं लाकूड आन् काच हाय." मग फोटोला मागून खळ लावून तो होता त्याच जागी सरळ चिकटवला आणि कडेनं हात फिरवला. कचरूनं लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि रिकामी चौकट आपल्या पिशवीत ठेवली.

नळीकडे ती पत्र्याची पट्टी आणि वर्तमानपत्र घेऊन गेली. मुंजाबा उठले. "आबा, खाली पडू देणार नाय," ती म्हणाली. शेंदराचा चुराही तिनं कागदाबाहेर जाऊ दिला नाही. शेवटी बोटाच्या पेराएवढा एक टिळा नळीवर ठेवला आणि पुडी बांधून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती हातावर तोलली. तोलायचं नसतं हे ते विसरले. "लई झाला हुता," ते म्हणाले.

घंटा तिनं दारातल्या शेळीच्या गळ्यात बांधली. घोंगड्या मात्र घरात नेल्या नाहीत. यंत्र जिथून वर जायचं होतं तिथं, चार खुंट्यांच्या मधोमध, त्या तिनं जमिनीवर अंथरल्या.

"हे काय?" मुंजाबांनी विचारलं.

"यंत्र घोंगडीवर बसंल, आबा. माणसं यंत्रात बसतील. म्हंजे घोंगडीवरच झाली का नाय?"

मुंजाबांनी वाकून घोंगडीची एक कड सरळ केली. "व्हय," ते म्हणाले, "एकावर एक म्हणायची."

मग यंत्र तिसऱ्यांदा काट्यावर चढवलं. काटा थरथरला आणि दोनशे त्रेसष्टवर थांबला. कारभारीनं कपाळाला हात लावला. कचरू पिशवीकडे बघू लागला.

आवडा काट्यापाशी वाकली. मग यंत्राभोवती सावकाश एक फेरी मारून शेपटाच्या बाजूला गेली. तिथं अप्पाराव शेपटावर हात टेकून उभे होते. तिनं तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला केला. मग परत येऊन काटा वाचला आणि पेन्सिलीनं वहीत आकडा लिहिला.